टोरोची राजकन्या एलिझाबेथ बगाया: वकील म्हणून त्यांच्याकडे कसं पाहावं?

प्रश्न एका विधी महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीचा आहे. कायद्याच्या क्षेत्रातल्या पहिल्या स्त्रियांवर तिला वर्गात बोलायचं आहे आणि त्यासाठी तिने युगांडातल्या टोरो राज्याची राजकन्या एलिझाबेथ बगाया यांची निवड केली आहे. माहिती शोधताना तिला मिळाले ते मुख्यतः फॅशन मासिकांचे फोटो आणि युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याचे किस्से. म्हणून ती विचारते: या बाईंनी प्रत्यक्ष वकिली कितीशी केली? त्यांना वकील म्हणावं का? आणि अमीनच्या मंत्रिमंडळात बसलेल्या व्यक्तीला वर्गासमोर आदर्श म्हणून उभं करावं का?

मी मुंबई उच्च न्यायालयात वकिली करते. घटनात्मक रिट आणि अब्रुनुकसानीचे दावे या दोन्ही प्रकारचं काम अनेक वर्षं हाताळलं आहे. बगाया यांचं आयुष्य मला नेमकं या दोन विषयांच्या मधोमध दिसतं, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आधी त्यांचं घर. टोरो हे पश्चिम युगांडात, र्‍वेंझोरी पर्वताच्या पायथ्याशी असलेलं राज्य. फोर्ट पोर्टल हे तिथलं मुख्य गाव. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुन्योरो राज्याचा एक राजपुत्र वेगळा झाला आणि त्याने हे राज्य उभं केलं. ब्रिटिशांनी १८९१ मध्ये कासागामा यांना गादीवर बसवलं आणि १९०० साली टोरोशी लेखी करार केला. एलिझाबेथ या कासागामांची नात. वडील राजे रुकिडी तिसरे. तिथे राजाला ‘ओमुकामा’ म्हणतात, आणि राजाच्या एका बहिणीला ‘बाटेबे’ हे पद मिळतं. बाटेबे ही राजाची अधिकृत सल्लागार असते, दरबारात तिला स्वतःचं स्थान असतं. म्हणजे १९३६ मध्ये जन्मलेली ही मुलगी कारभारातल्या एका जबाबदारीसाठी वाढवली जात होती. तिला शिकवायचं की नाही, हा प्रश्न त्या घरात नव्हता. किती लांब पाठवायचं, एवढाच होता.

त्या बऱ्याच लांब गेल्या. फोर्ट पोर्टलमधली शाळा, मग कंपालाजवळची गयाझा ही मुलींची मिशनरी शाळा, मग इंग्लंडमधली शेरबॉर्न. शेरबॉर्नमध्ये त्या एकट्याच कृष्णवर्णीय विद्यार्थिनी होत्या. १९५९ मध्ये केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात प्रवेश मिळाला. केंब्रिजच्या इतिहासात तिथे शिकायला गेलेल्या त्या तिसऱ्या आफ्रिकी स्त्री मानल्या जातात. इथे एक तारीख लक्षात ठेवावी. गर्टन १८६९ सालचं, पण केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली ती १९४८ मध्ये. बगाया पोचल्या तेव्हा या हक्काला जेमतेम अकरा वर्षं झाली होती. १९६२ मध्ये त्या पदवीधर झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युगांडा स्वतंत्र झाला.

१९६५ मध्ये त्यांना इंग्लंडच्या बारमध्ये, म्हणजे कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलांच्या वर्गात, प्रवेश मिळाला आणि त्या पूर्व आफ्रिकेतल्या पहिल्या महिला बॅरिस्टर ठरल्या. ‘पहिल्या’ हा शब्द सादरीकरणात जपून वापरावा, कारण पूर्ण आफ्रिकेतल्या पहिल्या त्या नव्हेत. पश्चिम आफ्रिकेतल्या लागोसच्या स्टेला थॉमस १९३३ मध्येच मिडल टेंपल या लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाल्या होत्या आणि पुढे नायजेरियात दंडाधिकारीही झाल्या. पूर्व आफ्रिकेत मात्र हे दार उघडायला १९६५ उजाडलं. त्याचं एक साधं कारण असं की दार-ए-सलामला १९६१ मध्ये कायद्याचं शिक्षण सुरू होईपर्यंत त्या भागात वकील घडवणारी संस्थाच नव्हती. इंग्लंडला किंवा भारतात जायचं, एवढाच मार्ग. मुलाला समुद्रापार पाठवणं ज्यांना परवडत नव्हतं, ते मुलीला कसे पाठवणार? तेव्हा राजघराण्यात जन्मल्याचा फायदा त्यांना झाला हे मान्य करूनच पुढे जावं. त्याने परीक्षा सोप्या झाल्या नाहीत, पण परीक्षेला बसता आलं.

इथे मराठी वाचकाला जवळचे असे दोन धागे आहेत. इंग्लंडचा बार स्त्रियांसाठी खुला झाला तो १९१९ च्या कायद्याने. त्यानंतर लगेचच, १९२३ मध्ये, नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी लिंकन्स इन या तशाच संस्थेतून बॅरिस्टर झाल्या. त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा तीस वर्षं आधी दिली होती. तेवढी वर्षं त्यांना थांबावं लागलं. मधल्या काळात त्यांनी केलेलं काम बघा: संस्थानं आणि जमीनदार घराण्यांतल्या पडद्यातल्या राण्या, विधवा, अल्पवयीन वारस यांची मालमत्ता सांभाळणं, त्यांचं म्हणणं सरकारदरबारी पोचवणं. सोराबजींच्या अशिलांना कचेरीची पायरी चढायची मुभा नव्हती. बगाया या अशाच एका राजघराण्यातल्या, आणि त्या स्वतः काळा गाउन घालून उभ्या राहिल्या. माझ्या वर्गासमोर हा विषय असता तर मी या दोघींना शेजारी शेजारी ठेवलं असतं.

दुसरा धागा आपल्या न्यायालयाचा. झांझिबार आणि आजच्या केनियाच्या किनाऱ्यावरच्या ब्रिटिश न्यायालयांची अपिलं एकेकाळी मुंबई उच्च न्यायालयात येत. भारतीय कायदे पूर्व आफ्रिकेत जसेच्या तसे लावले गेले. युगांडाचा पुराव्याचा कायदा तर आपल्या १८७२ च्या पुरावा अधिनियमावरूनच घेतलेला आहे. कलमं वाचताना आपल्याकडचा वकील कुठेही अडखळत नाही. मायदेशी परतल्यावर बगाया यांच्यासमोर जो कायदा होता, त्याचा बराच भाग मुंबईच्या कोर्टात रोज चालणाऱ्या कायद्याचा भाऊबंदच होता.

आता मुख्य प्रश्न: वकिली किती केली? कंपालामध्ये एका वकिलांच्या कार्यालयात त्यांनी उमेदवारी केली आणि युगांडातल्या पहिल्या महिला वकील म्हणून त्यांची नोंद झाली. वर्षांच्या हिशोबात पाहिलं तर नेहमीच्या अर्थाने कोर्टातली कारकीर्द फार छोटी. का छोटी, हे समजायला १९६६ हे वर्ष नीट बघावं लागतं. युगांडाच्या त्या वर्षाबद्दल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहिती असायला हवी असं माझं ठाम मत आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी, १९६२ च्या संविधानात, युगांडातल्या जुन्या राज्यांना जागा दिलेली होती. बुगांडाला संघराज्यासारखे अधिकार होते, टोरो, बुन्योरो आणि अंकोले यांना त्याहून कमी. बुगांडाचे राजे मुटेसा दुसरे देशाचे राष्ट्राध्यक्ष होते आणि मिल्टन ओबोटे पंतप्रधान. ही जोडी टिकली नाही. फेब्रुवारी १९६६ मध्ये ओबोटेंनी मंत्रिमंडळाच्या बैठकीतच पाच मंत्र्यांना अटक करवली आणि दोनच दिवसांत संविधान निलंबित केलं. एलिझाबेथ यांचे वडील डिसेंबर १९६५ मध्ये वारले होते. भाऊ पॅट्रिक, म्हणजे ओलिमी तिसरे, यांचा राज्याभिषेक झाला २ मार्च १९६६ रोजी. त्या समारंभात एलिझाबेथ रीतसर बाटेबे झाल्या. ज्या संविधानाने त्या गादीला मान्यता दिली होती, ते आठवड्याभरापूर्वीच गुंडाळून ठेवलेलं होतं. समारंभात बसलेल्या नव्या बॅरिस्टरला हे कळत नसेल असं मला वाटत नाही.

पुढचं फार वेगाने घडलं. एप्रिलमध्ये खासदारांना नवं संविधान मंजूर करायला सांगितलं गेलं. त्याच्या प्रती त्यांच्या टपालाच्या कप्प्यात ठेवल्या आहेत, मागाहून बघा, असं त्यांना कळवण्यात आलं. न वाचता मंजूर झालेलं ते संविधान. मे महिन्यात सैन्याने बुगांडाच्या राजवाड्यावर हल्ला केला. त्या मोहिमेच्या अग्रभागी इदी अमीन नावाचा अधिकारी होता. मुटेसा लंडनला पळाले आणि १९६९ मध्ये तिथेच वारले. सप्टेंबर १९६७ च्या तिसऱ्या संविधानाने सगळी राज्यं रद्द केली.

न्यायालय काय करत होतं? याच काळात मायकेल मटोवू या बुगांडातल्या परगणा प्रमुखाच्या स्थानबद्धतेविरुद्ध हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैदेत ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणा असं सांगणारा, अर्ज आला. अर्जाच्या निमित्ताने मूळ प्रश्न उभा राहिला: १९६६ चं संविधान वैध आहे का? मुख्य न्यायमूर्ती उडो उडोमा यांच्या पीठाने हान्स केल्सन या विचारवंताचा सिद्धांत घेतला आणि उठाव यशस्वी झाला असेल तर त्यातून नवी कायदेव्यवस्था जन्माला येते, असं म्हणत नवं संविधान मान्य केलं. आधार होता पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९५८ चा डोसो खटल्यातला निकाल. जो जिंकला, तोच कायदा. पाकिस्तानच्याच सर्वोच्च न्यायालयाने पुढे १९७२ मध्ये असमा जिलानी खटल्यात डोसोचा निकाल चुकीचा ठरवला, पण तोवर युगांडात व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी हा खटला इतका लांबवून सांगते आहे, कारण ‘वकिली किती केली’ याचं उत्तर त्यातच आहे. आपण वकील कागदावर उभे असतो. कोणता तरी कायदा आहे, तो सरकारलाही लागू आहे आणि तसं सांगणारा न्यायाधीश आहे, एवढ्या तीन गोष्टींवर आपला धंदा चालतो. बगाया सनद घेऊन परतल्या आणि दोन वर्षांत या तिन्ही गोष्टी डळमळल्या. शिवाय त्या रद्द केलेल्या राजघराण्यातल्या, सरकारच्या नजरेखाली. प्रवासावर बंधनं, घरावर पाळत. अशा व्यक्तीकडे वकीलपत्र द्यायला अशील येईल का? आणि सरकारविरुद्ध ती उभी राहिलीच, तर अशिलाचं भलं होईल का? तरुण वकिलाची पहिली वर्षं कशी जातात हे मला माहीत आहे. शांत काळातही ती कठीणच असतात.

यातून बाहेर पडायला निमित्त मिळालं ते ब्रिटनच्या राजकुमारी मार्गारेट यांच्या आमंत्रणाचं. १९६७ मध्ये लंडनच्या मार्लबरो हाउसमध्ये राष्ट्रकुलाचा एक फॅशन शो होता. बगाया तिथे गेल्या आणि मॉडेल म्हणून नावारूपाला आल्या. पुढे न्यूयॉर्क, मोठ्या मासिकांतले फोटो, १९६९ मध्ये ‘हार्पर्स बझार’च्या मुखपृष्ठावर छबी, मग चित्रपटातलं काम. या भागावर सगळीकडे भरभरून लिहिलं गेलंय, त्यामुळे मी थांबत नाही. एवढंच सांगते की गोऱ्या चेहऱ्यांसाठी राखीव असलेल्या पानांवर एक आफ्रिकी स्त्री आपल्या नावानिशी दिसणं ही साठच्या दशकात हलकी गोष्ट नव्हती. ज्यांना यात उथळपणा दिसतो त्यांनी हेही पाहावं की देशात राहून त्यांना कोणतंच काम करता येत नव्हतं.

जानेवारी १९७१ मध्ये अमीनने ओबोटेंची सत्ता उलथवली. इथून आपल्या विद्यार्थिनीचा तिसरा, अवघड प्रश्न सुरू होतो.

सुरुवातीला अमीनचं स्वागत झालं. बुगांडात तर जल्लोष झाला. अमीनने मुटेसांचा मृतदेह लंडनहून आणवून सन्मानाने दफन करवला, तेव्हा राजघराण्यांना आशा वाटली की राज्यं परत मिळतील. बगाया मायदेशी आल्या त्या या वातावरणात. राज्यं परत द्यायला अमीनने नकार दिला, पण बगाया यांना जुलै १९७१ मध्ये फिरत्या राजदूताचं पद दिलं. इथपर्यंत मी त्यांना दोष देणार नाही. त्या वेळी अनेक शहाण्या माणसांना तसंच वाटलं होतं.

पण १९७२ आलं. ऑगस्टमध्ये अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायचा हुकूम दिला. एका अध्यादेशाने त्यांचे प्रवेश परवाने आणि रहिवासाचे दाखले रद्द झाले. ज्यांच्याकडे युगांडाचं नागरिकत्व होतं त्यांनाही कागदपत्रं तपासून घ्यायला रांगेत उभं केलं आणि कितीतरी जणांचं नागरिकत्व क्षुल्लक त्रुटींवर नाकारलं. यात गुजराती व्यापारी होते तसे गोव्याचेही लोक होते. युगांडाच्या सरकारी कचेऱ्यांमध्ये कारकुनापासून हिशेबनीसापर्यंत गोवेकरांच्या पिढ्या गेल्या होत्या, कंपालात त्यांची ‘गोवन इन्स्टिट्यूट’ होती. ती सगळी वस्ती त्या तीन महिन्यांत उठली. सप्टेंबरमध्ये मुख्य न्यायमूर्ती बेनेडिक्टो किवानुका यांना उच्च न्यायालयाच्या इमारतीतूनच सैनिकांनी उचलून नेलं. त्याआधी थोडेच दिवस त्यांनी एका ब्रिटिश नागरिकाला हेबियस कॉर्पसच्या अर्जावर सोडण्याचा हुकूम दिला होता. किवानुका परत आले नाहीत.

देशाच्या मुख्य न्यायमूर्तींना त्यांच्या चेंबरमधून उचलून नेऊन मारल्यानंतर, कायद्याची पदवी असलेल्या माणसाने त्या सरकारचं पद सांभाळत राहणं मला पटत नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये बगाया यांनी तर परराष्ट्रमंत्रिपद घेतलं. त्यांच्या आधीचे परराष्ट्रमंत्री मायकेल ओंडोगा यांना पदावरून काढलं होतं. काही आठवड्यांतच त्यांचं प्रेत नाईल नदीत मिळालं. अशा सरकारात ते पद स्वीकारणं आणि त्यानंतरही सांभाळणं याचे दोन अर्थ लागतात. एक, महत्त्वाकांक्षा. दुसरा, नाही म्हणण्याची किंमत डोळ्यांसमोर तरंगत होती. माणसाच्या मनातलं आपल्याला कळत नाही, आणि मी तरी दोन्ही शक्यता वर्गासमोर ठेवीन. त्यांचं कुटुंब, त्यांची माणसं देशातच होती, ही बाबही ठेवीन. पण ‘परिस्थिती तशी होती’ एवढ्यावर सोडून देणार नाही. गोव्याहून गेलेल्या ज्या माणसाने आयुष्याची कमाई सोडून विमान पकडलं, त्याच्या बाजूनेही कुणी तरी बोललं पाहिजे.

मंत्री म्हणून त्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९७४ च्या शरदात युगांडाच्या वतीने बोलल्या. परतल्यावर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबरच्या अखेरीस, अमीनने त्यांना काढून टाकलं. कारण काय सांगितलं? पॅरिसच्या विमानतळावर, स्वच्छतागृहात, एका अनोळखी युरोपीय पुरुषाशी त्यांनी संबंध ठेवला. देशाच्या प्रमुखाने हे जाहीरपणे सांगितलं. त्यांना घरात स्थानबद्ध केलं गेलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी मिटक्या मारत ही बातमी छापली, बनावट फोटोही फिरले.

फेब्रुवारी १९७५ मध्ये त्या केनियात निसटल्या आणि पुढे लंडनला पोचल्या. आणि तिथे, माझ्या मते, त्यांच्यातला वकील सगळ्यांत स्पष्ट दिसतो. ही बातमी छापणाऱ्या वृत्तपत्रांवर त्यांनी अब्रुनुकसानीचे दावे लावले आणि ते यशस्वी झाले.

या दाव्यांमागचा विचार समजून घ्या, कारण त्यात धडा आहे. खोटं बोलला अमीन. पण अमीन परक्या देशाचा सत्ताधीश. त्याला लंडनच्या कोर्टात खेचता येत नाही, सार्वभौम राष्ट्रप्रमुखाला संरक्षण असतं. युगांडाच्या कोर्टात जाण्याचा प्रश्नच नव्हता, तिथे मुख्य न्यायमूर्तीच सुरक्षित नव्हते. मग कायद्याचा हात कुणापर्यंत पोचतो? ज्यांनी ते खोटं छापून विकलं, त्यांच्यापर्यंत. त्या काळी इंग्लंडच्या कायद्यात लेखी बदनामीसाठी नुकसान सिद्ध करावं लागत नसे. मजकूर बदनामीकारक आहे एवढं फिर्यादीने दाखवलं की तो खोटा आहे असं गृहीत धरलं जातं आणि खरेपणा सिद्ध करण्याचा बोजा छापणाऱ्यावर पडतो. ‘आम्ही म्हटलं नाही, अमीन म्हणाला, आम्ही फक्त बातमी दिली’ हा बचाव चालत नसे. दुसऱ्याची बदनामी जो पुन्हा सांगतो तो ती स्वतः केल्यासारखाच जबाबदार. आता सांगा, पॅरिसच्या विमानतळावरचा तो प्रसंग खरा होता हे कोणतं वृत्तपत्र कोर्टात सिद्ध करणार होतं? साक्षीला कुणाला आणणार होतं, अमीनला? कैफियत लिहायला बसलेल्या वृत्तपत्रांच्या वकिलांची अवस्था मी डोळ्यांसमोर आणू शकते.

ज्या बाईचं सरकार, देश, घर, पद सगळं गेलं होतं, तिच्याकडे उरलेला एकच आधार म्हणजे दुसऱ्या देशातलं चालू स्थितीतलं न्यायालय. तो कसा वापरायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं.

माझ्याकडे अशी प्रकरणं घेऊन स्त्रिया येतात. बहुतेक जणी आल्या आल्या म्हणतात, जाऊ दे, आणखी चर्चा नको. कोर्टात गेलं की त्याच गोष्टी पुन्हा वाचल्या जातील, उलटतपासणीत विचारल्या जातील, ही भीती खरी आहे. मी कुणालाही जबरदस्तीने दावा लावायला सांगत नाही. पण चारित्र्यावरचा आरोप गप्प राहिल्याने विरत नाही, असा माझा अनुभव आहे. बगाया यांचं नाव जगभर झालेलं असताना, बदनामीही जगभर झालेली असताना त्यांनी ती उघड्या न्यायालयात नेली. आपल्याकडे फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, दिवाणी बाजूला नुकसानभरपाईचा दावा. कलमं माहीत असणं आणि आपल्याच नावासाठी ती वापरण्याची हिंमत असणं यांत अंतर आहे. ते अंतर त्यांनी पार केलं.

पुढचा प्रवास थोडक्यात. १९७९ मध्ये अमीनची सत्ता गेल्यावर त्या युगांडात आल्या, पण १९८० च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर ओबोटे पुन्हा सत्तेवर बसले आणि त्यांना परत लंडन गाठावं लागलं. विल्बर न्याबोंगो यांच्याशी त्यांचं लग्न झालं. तेही त्याच राजघराण्यातले. १९८६ मध्ये मुसेवेनी सत्तेवर आले तेव्हा बगाया यांची अमेरिकेतल्या राजदूत म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विमान अपघातात पती गेले. काही काळाने त्यांनी ते पद सोडलं. या शतकाच्या पहिल्या दशकात त्या जर्मनी आणि व्हॅटिकनमध्ये राजदूत आणि नायजेरियात उच्चायुक्त होत्या.

मधला एक काळ मात्र माझ्या दृष्टीने फार मोलाचा. १९९३ मध्ये युगांडाने कायदा करून पारंपरिक राजांची मालमत्ता परत दिली आणि गाद्यांना मान्यता दिली. १९९५ च्या संविधानात त्यासाठी स्वतंत्र कलम आहे, २४६ क्रमांकाचं. राजा असू शकतो, पण त्याने पक्षीय राजकारण करायचं नाही, शासकीय अधिकार वापरायचे नाहीत. तो संस्कृतीचा प्रमुख. आपल्याकडे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि राजेपणाची मान्यता गेली ती कायमचीच. युगांडाने उलट दिशेने पाऊल टाकलं, पण हात बांधून. ओलिमी तिसरे पुन्हा गादीवर बसले आणि १९९५ मध्ये वारले. वारस होता त्यांचा मुलगा ओयो, वय तीन वर्षं. इतक्या लहान राजाच्या पालकांपैकी एक म्हणून त्याची आत्या एलिझाबेथ होती.

अल्पवयीन वारसाची मालमत्ता, पालकत्व, लहान राजाच्या वतीने कारभार पाहणारं रीजंट मंडळ, गादीभोवतीचे हितसंबंध. वर मी सोराबजींच्या कामाबद्दल लिहिलं ते आठवा. तोच हा सगळा ऐवज. अशा जागी पालकाला प्रथा आणि संविधान दोन्ही वाचता यावं लागतं. राजवाड्यात वाढलेल्या आणि केंब्रिजला कायदा शिकलेल्या या आत्याला ते येत होतं. टोरोमध्ये प्रत्येकाला जन्मानंतर एक आपुलकीचं नाव दिलं जातं. त्यांचं आहे ‘अकिकी’. पालकत्वाची ही वर्षं बाहेरच्या जगाला फारशी दिसली नाहीत, कारण त्यात ना मुखपृष्ठ होतं ना हुकूमशहा.

तर सादरीकरणाबद्दल. त्यांना वकील म्हणावं, निःसंकोच. पण ‘युगांडातली पहिली महिला वकील’ हे वाक्य लिहून पुढच्या स्लाइडवर मासिकाचा फोटो लावू नये. मटोवू खटल्याला एक पूर्ण स्लाइड द्यावी, किवानुकांना एक. अमीनच्या मंत्रिमंडळातला काळ लपवू नये. वर्गाला विचारावं की १९७२ च्या सप्टेंबरनंतर तुम्ही काय केलं असतं, आणि उत्तरं नीट ऐकून घ्यावीत. लंडनच्या दाव्यांवर सगळ्यांत जास्त वेळ द्यावा. आदर्श म्हणून मांडावं का, हा निर्णय मात्र वर्गावर सोडावा. मी स्वतः त्यांच्या त्या दाव्यांचा आदर करते, त्यांच्या मंत्रिपदाचा करत नाही.

अभ्यासासाठी मटोवूचा निकाल मूळ स्वरूपात वाचावा. इंग्रजी अवघड नाही. तो वाचून झाल्यावर असमा जिलानीचा वाचावा, लगोलग. काही अडलं तर पुन्हा विचारावं.